कोमट पाणी

फुलांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना न्यूमोनियातलं सगळं कळत होतं. निदान त्यांचा तसा पक्का समज होता, आणि त्यांच्या समजाला हात लावायची छाती घरात कुणाची नव्हती. शाळा त्यांनी तिसरीतच सोडली, किंवा शाळेने त्यांना सोडलं, काहीही म्हणा. पण हा आजार त्यांनी दोनदा घरात आलेला पाहिला होता आणि दोन्ही वेळा दाराबाहेर काढला होता. असं सांगणारे डॉक्टर तरी किती असतील?

पहिल्यांदा झाला वडिलांना. ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. एका सकाळी दात वाजायला लागले, कुशीत सुरी फिरवल्यासारखी कळ, आणि कफ पडायचा तो गंजलेल्या डब्यातल्या पाण्यासारखा. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. वाडगं धरून उशाशी बसायच्या. आठ दिवस अंग तव्यासारखं तापलेलं. नवव्या दिवशी घामाने सतरंजी भिजली, ताप झरझर उतरला आणि वडील म्हणाले, "काही खायला आहे का गं?"

दुसऱ्यांदा झाला नवऱ्याला. दुकान नवं होतं, उजाडायच्या आधीपासून गार पाण्याच्या बादल्यांत कोपरापर्यंत हात. तीच हुडहुडी, तीच कळ, तोच गंजका कफ. तोवर सुई निघाली होती. चौथ्या दिवशी नवरा उठून गल्ल्यावर बसला. पुढे तो गेला, पण वेगळ्याच दुखण्याने. "न्यूमोनियाच्या हाती मी त्यांना लागू दिलं नव्हतं," हे बाई अजून ऐकवतात.

एवढ्यावरून त्यांनी कायमची खूणगाठ बांधली. न्यूमोनिया थंडीने होतो. बर्फाने होतो, गार पाण्याने होतो. ऊब असेल तिथे तो पाय ठेवत नाही.

म्हणून तर दुकानात फवाऱ्याचं यंत्र बसवलं तेव्हा बाईंनी माळ्यावरच्या टाकीत पाणी तापवायची सळई टाकून घेतली. फुलांच्या मांडण्यांवरून एक नळी फिरवलेली, नळीला बारीक तोट्या, आणि तोट्यांतून धुक्यासारखा फवारा गुलाबांवर, लिलींवर अलगद उतरायचा. यंत्र बसवणारा म्हणाला, "बाई, यात गारच पाणी घालतात. आणि आठवड्याला टाकी उपसून घासायची." बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नळ्या जोड. माझ्या माणसांच्या छातीची काळजी तू करू नकोस." झालं. पाणी कोमट राहू लागलं. कळ्याही लवकर उमलायच्या, तो वर फायदा. आणि तापवलेलं पाणी ओतून द्यायचं म्हणजे उधळमाधळच, म्हणून टाकी कधी पुरती रिकामी झाली नाही. जेवढं कमी होईल तेवढं वरून भरायचं. एकदा बाईंनी आत हात घातला, तर भिंती बुळबुळीत लागल्या. शेवाळ असेल, म्हणून हात पुसला.

बाजारात त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. देठ छाटायची कात्री सदा कमरेला असायची म्हणून, आणि दुसरं कारण कुणी उघड बोलत नसे. तोंडावर मात्र सगळे 'बाई'.

सून आली ती नाजूक. मुलगी देताना विहीणबाईंनी एकच अट घातली होती. "लहानपणी हिच्या छातीत घरघर व्हायची. गल्ल्यावर बसवा, हिशेब करील, गिऱ्हाइकाशी गोड बोलेल. ओल्यात मात्र उभी करू नका." बाई भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "पाण्याला बोट लावू देणार नाही. शब्द आहे माझा." बाईंचा शब्द म्हणजे काय, ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

मग फवारा सांभाळणारी बाई काम सोडून गेली. चार दिवसांपुरती सून फवाऱ्याखाली उभी राहिली, त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली. रोज सकाळी ती मांडण्यांवरच्या जुड्या फिरवायची. तोट्या तुंबल्या की काढून टाचणीने टोकरायची आणि ओठांना लावून फुंकायची. केस, पदर, पापण्या ओल्या. शब्द मोडला असं बाईंना कधी वाटलंच नाही. शब्द गार पाण्याचा होता आणि हे तर कोमट होतं! सुनेनेही माहेरी कधी चकार शब्द काढला नाही. आई विचारायची, "गल्ल्यावर कंटाळा येत नाही का गं?" ती हसून म्हणायची, "येतो की."

शनिवारी सून म्हणाली, "आई, अंग मोडून आलंय." रविवारी जुलाब सुरू झाले. बाईंनी पोटाची गोळी दिली. सोमवारी ती उभ्या उभ्या भिंत धरून खाली बसली, तेव्हा मुलाने रिक्षा आणली. रुग्णालयात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाली, "न्यूमोनिया आहे. दोन्ही बाजूंना."

"शक्यच नाही," बाई म्हणाल्या. "कफ कुठाय? कोरडा खोकला आहे. हुडहुडी नाही, कळ नाही. जुलाब होतायत. हा न्यूमोनिया नव्हे, पोटाचं दुखणं आहे."

डॉक्टर तिशीतली, बारीक चणीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने फोटो उजेडासमोर धरला. "हे पांढरं दिसतंय ना, आजी, ते पोट नाही."

"आजी कुणाला म्हणतेस? तुझ्याएवढी नात नाही मला."

"बरं, बाई. पण हे पोट नाहीच."

मंगळवारी विहीणबाई आल्या. पिशवी खाली ठेवली आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. नेहमीचं औषध शिरेतून चाललं होतं. ताप हलत नव्हता. डॉक्टर आली, वही उघडली आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहून विचारू लागली. घरात पक्षी पाळलेत का? नाही. एवढ्यात प्रवास? नाही. घरात आणखी कुणी आजारी? नाही.

"काम काय करतात या?"

"आमचं फुलांचं दुकान आहे," मुलगा म्हणाला.

"दुकानात पाण्याशी संबंध येतो? फवारा, कारंजं, पाण्यावर चालणारं गारव्याचं यंत्र, असलं काही?"

मुलाने आईकडे पाहिलं. विहीणबाईंनीही मान वर केली. त्या नजरेत संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. पण बाईंना ती नजर थेट त्या बैठकीत घेऊन गेली.

"ती गल्ल्यावर बसते," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या जवळपासही जात नाही."

मुलगा फरशीवरच्या ठिपक्यांकडे बघत राहिला. त्याला आईपुढे बोलायची सवयच नव्हती, आणि सवय कुणी लावली नव्हती ते वेगळं सांगायला नको.

"नक्की ना?" डॉक्टर म्हणाली. "विचारते अशासाठी, की तसं काही असेल तर एक वेगळं औषध द्यावं लागेल. तपासणी इथे होत नाही, लघवी मोठ्या शहरात पाठवावी लागते. आणि ते औषध हृदयावर ताण आणतं. हिचे ठोके आधीच वेडेवाकडे पडतायत, त्यामुळे कारण असल्याशिवाय माझा हात धजत नाही."

"एकदा सांगितलं ना," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

बुधवारी सून बरळायला लागली. डोळे अर्धवट उघडे, बोटं पांघरुणावर काहीतरी टोकरत होती. "तोटी तुंबलीय," ती म्हणाली. "आई, तिसरी तोटी तुंबलीय. फुंकते."

विहीणबाई वाकल्या. "काय म्हणतेस, सोन्या? कसली तोटी?"

"नळाची," बाई पटकन बोलल्या. "घरातला नळ गळतोय कधीचा. मुलाला सांगून जीभ झिजली माझी."

"एवढ्या तापात नळाचं डोक्यात घेऊन बसलीय पोर," विहीणबाई म्हणाल्या आणि लेकीची बोटं हातात धरली. "संसाराला जुंपलंत तुम्ही तिला चांगलंच." त्यांनी ते हसत म्हटलं होतं. बाईही हसल्या. दोघींचं ते शेवटचं हसणं.

खरं सांगायचं तर तोवर बाईंच्या मनात काळंबेरं नव्हतं. फवाऱ्याचा आणि आजाराचा संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं. विहिणीसमोर नाक वर राहावं, एवढाच त्यांचा हिशेब. दुखणं आपल्या वाटेने चाललं आहे, दिवस भरले की उतरेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

गुरुवारी सकाळी दहा वाजता डॉक्टर आली तेव्हा सुनेच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बाईंनी डॉक्टरला दारातच गाठलं.

"चार दिवस झाले. माझा नवरा चौथ्या दिवशी उठून बसला होता, माहितीय? एका सुईवर. तेव्हा तुमची ही यंत्रं नव्हती. तुमच्या हाताला गुण नाही, की औषधात भेसळ आहे?"

डॉक्टर चिडली नाही. भिंतीला पाठ टेकवून उभी राहिली; बहुधा तिलाही क्षणभर टेकायला काहीतरी हवंच होतं.

"तुमच्या मिस्टरांना कफ कसा पडायचा?"

"गंजल्यासारखा. आणि हुडहुडी. वडिलांना तस्संच."

"तो जुना जंतू. तुमच्या वडिलांच्या काळी मोठ्या माणसाला न्यूमोनिया झाला म्हटलं की बहुतेक वेळा तोच निघायचा. त्याला ती सुई पुरायची. आता तसं राहिलं नाही, बाई. त्याच्यावर लस आली, औषधं आली, लोकांचं राहणीमान बदललं. तो अजून आहे, पण त्याचा वाटा पुष्कळ कमी झाला. आता कुणाला विषाणूंनी होतो, कुणाला आणखी कशाने. कितीतरी वेळा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. नाव एकच, पण आतला चोर दरवेळी वेगळा."

"थंडीने होतो," बाई म्हणाल्या.

"थंडीत जास्त होतो, हे खरं. पण थंडी स्वतः काही फुप्फुसात शिरत नाही. उलट एक जंतू असा आहे की त्याला ऊब आवडते. टाक्यांत, नळ्यांत कोमट पाणी साठून राहिलं, आत बुळबुळीत थर धरला, की तिथे तो मजेत वाढतो. प्यायल्याने सहसा काही होत नाही. पण त्याच पाण्याचा बारीक तुषार उडाला आणि श्वासातून आत गेला, की संपलं. कोरडा खोकला, जुलाब, बरळणं, हिच्यासारखंच सगळं. आणि आपण देतोय त्या औषधाला तो दाद देत नाही. म्हणून तर परवा मी पाण्याचं विचारलं होतं."

बाईंचा उजवा हात नकळत पदराला पुसला गेला. तो बुळबुळीतपणा बोटांना आत्ता लागल्यासारखा वाटला.

तोंड उघडलं होतं त्यांनी, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण डॉक्टरच्या खांद्यामागे विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन.

"काय म्हणतायत डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं विचारत होत्या."

डॉक्टर निघून गेली.

मग सुरू झाली एक विचित्र पाठशिवणी. बाईंना डॉक्टर एकटी हवी होती. सांगायचं होतंच, फक्त विहिणीच्या कानावर न पडता. त्या उठून बाहेर आल्या, तर विहीणबाई मागोमाग. "चला, मलाही पाय मोकळे करायचेत." डॉक्टरच्या खोलीशी गेल्या, तर डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर गेल्या, तर दार बंद, बाहेर लाल दिवा. परिचारिकेला म्हणाल्या, "मला त्यांच्याशी बोलायचंय." परिचारिका म्हणाली, "मला सांगा, मी निरोप देते." बाईंनी मागे पाहिलं. चार पावलांवर विहीणबाई.

"नको. मीच सांगेन."

बारा वाजले. एक वाजला. मुलगा बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आई, ती टाकी..."

"गप्प."

"मी सांगू का?"

"मी आहे ना? तुझी बायको आहे तशी माझी सून आहे. मी सांगणार आहे."

"कधी?"

एवढा एक शब्द त्या मुलाने जन्मात आईला सुनावला असेल. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मुलाने पुन्हा फरशीकडे. तोही उठू शकला असता. उठला नाही. बाईंनी त्याला वाढवलाच तसा होता, आणि त्या दुपारी त्यांना त्याचं पुरेपूर फळ मिळत होतं.

चार वाजायला आले तेव्हा आत धावपळ झाली. पडदा ओढला गेला. डॉक्टर जवळजवळ पळतच आली आणि दहा मिनिटांनी हातात कागद घेऊन बाहेर पडली. "घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर घेतोय. इथे सही लागेल."

मुलाने सही केली. अक्षर असं, की त्याचं त्यालाही वाचता आलं नसतं. विहीणबाई भिंतीशी उभ्या होत्या, पदर तोंडात कोंबून.

डॉक्टर वळली.

"थांब," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच निघाला, भर बाजारात ऐकू जाणारा. "दुकानात फवारा आहे. माळ्यावर टाकी आहे. पाणी कोमट ठेवते मी. कधी उपसलेली नाही. ही दोन वर्षं रोज त्याच्याखाली उभी असते. तोट्या तोंडाने फुंकते."

डॉक्टरने क्षणभर बाईंकडे पाहिलं. बाईंनी आयुष्यात पुष्कळांच्या नजरा खाली घालायला लावल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची गेली. मग डॉक्टर पळाली. आतून तिचा आवाज आला, कुठल्याशा औषधाचं नाव, लघवी आत्ताच्या आत्ता पाठवा, हृदयाच्या पट्टीवर एकीने सतत नजर ठेवा.

बाहेर दोघी राहिल्या. विहीणबाईंनी तोंडातून पदर काढला.

"त्यांनी हे विचारलं होतं ना तुम्हाला? माझ्यासमोर?"

"हो."

"मंगळवारी."

"मंगळवारी," बाई म्हणाल्या. "आणि आज सकाळी दहाला मला कळलं होतं, की हेच आहे. तेव्हापासून मी बसून आहे."

दहाचं कुणी विचारलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. विहीणबाई ओरडल्या नाहीत, अंगावर धावून आल्या नाहीत. त्या असं काही करतील, अशी बाईंना आशा होती. त्यांनी फक्त आपली पिशवी उचलली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसल्या, पाठ करून.

नवं औषध शुक्रवारी दिवसभर चाललं. शनिवारी मोठ्या शहरातून तपासणीचं उत्तर आलं. डॉक्टरचा संशय खरा होता. रविवारी ताप थोडा उतरला, आणि मुलाने पहिल्यांदा घोटभर चहा घेतला. पण तोवर मूत्रपिंडांनी हात टेकले होते. सोमवारी सकाळी, जेवणाची ढकलगाडी वाजत वाजत दालनातून फिरत होती तेव्हा, सून गेली. सव्वीस वर्षांची होती.

डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "ते दोन दिवस मिळाले असते तरी ही वाचलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. छाती मुळात कमजोर होती."

"नाही वाचली असती, असं सांगू शकतेस?"

डॉक्टरने हातातली वही मिटली.

"मग जा आपल्या कामाला. माझी समजूत काढायला नकोय कुणी."

आरोग्य खात्याची माणसं दुकानात आली. बाटल्यांत पाणी भरून नेलं, दाराला कागद चिकटवला. आत गुलाब मांडणीवरच काळे पडले. बाजारातल्या आणखी दोघांना तसाच ताप आला होता, पण त्यांना पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळालं आणि ते घरी आले. टाकीचं वेळेत कळलं म्हणून, असं खात्याचा माणूस म्हणाला. त्याला वाटलं, बाईंना बरं वाटेल.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाई बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. आतल्या खोलीत विहीणबाई लेकीचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होत्या. आल्यापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मधलं दार उघडंच होतं.

समोरच्या शिवणकामवालीने बाईंचा हात धरला. "न्यूमोनियाच ना हो? यंदा गारठाच तसा पडला. थंडी बाधली पोरीला."

केवढं सोपं होतं! मान हलवली असती की काम झालं असतं. चार दिवसांत गावभर तेच झालं असतं, थंडी बाधली, दैव, दुसरं काय.

"थंडी नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या टाकीतल्या पाण्याने गेली. कोमट पाणी ठेवलं मी. हिच्या आईला शब्द दिला होता, की ओल्यात उभी करणार नाही, आणि दोन वर्षं उभी केली. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

शिवणकामवालीचा हात सुटला. ती कशीबशी उठली, चपला घालताना डावी-उजवी चुकली. तिच्या मागून वह्या-कागद विकणारा आला, त्यालाही बाईंनी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. मग यंत्राच्या दुकानवाल्याला, मग त्याच्या बायकोला. सहाव्या माणसाला मुलगा पुढे झाला. "आई, पुरे आता. कशाला गावाला सांगत सुटलीयस?"

"तू आत जा."

"काय मिळतंय तुला याने?"

"काही नाही मिळत. जा."

आतल्या खोलीत पिशवीची चेन ओढल्याचा आवाज झाला. विहीणबाई दारात आल्या. पिशवी जड होती; मुलगा घ्यायला पुढे आला, त्यांनी दिली नाही. बाईंच्या खुर्चीजवळून जाताना त्या थांबल्या. बाईंनी मान वर केली. विहीणबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, दारातून नुकत्याच आत आलेल्या पाहुण्याकडे बघत होत्या. दुधाचा रतीब घालणारा म्हातारा, टोपी हातात धरून अवघडून उभा.

"सांगा यांना," विहीणबाई म्हणाल्या. "यांचं राहिलंय."

आणि त्या बाहेर न जाता, पिशवी मांडीवर घेऊन, दाराजवळच्या स्टुलावर ऐकायला बसल्या.

बाईंनी म्हाताऱ्याला समोर बसायची खूण केली. "थंडी नाही," त्या म्हणाल्या.